अमावास्येची रजा

मारोतराव सरांविषयी मी आयुष्यात तीन वेळा जाहीर मत दिलं. दर वेळचं मत आधीच्या मताच्या बरोबर उलट होतं, दर वेळी ते लोकांना फार आवडलं आणि दर वेळी ते साफ चुकीचं होतं. चौथ्यांदा खरं लिहिलं, तर वाचायला कोणी जाग्यावर नव्हतं. म्हणजे हे पाचव्यांदा. माणसानं एकाच विषयात किती वेळा नापास व्हावं याला काही मर्यादा असते, पण मी मास्तर आहे, मला फेरपरीक्षेची सवय आहे.

गावाचं नाव सांगत नाही. हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावच्या बाजाराला तिथून पायी जाता येतं, एवढं पुरे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा माझ्याकडे एक सायकल, दोन सफारी आणि मराठवाड्याचा विकास करण्याची जबरदस्त इच्छा होती. सायकल पहिल्या पावसाळ्यात गंजली. सफारी लग्नानंतर बसेनात. इच्छा मात्र बरीच वर्षं टिकली आणि तिचा त्रास पुष्कळांना झाला.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात एक दिवस गणिताचे सर वर्गावर दिसले नाहीत. शिपायाला विचारलं.

"मारोतराव सर? आज अमावस्या हाय," तो म्हणाला.

"मग?"

"मंग काय. ते अमावस्येला येत न्हाईत. औत न्हाई धरत."

आमच्याकडे अमावास्येला बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी औताला सुट्टी. बैल धुवायचे, झाडाखाली बांधायचे, समोर कडबा टाकायचा. हे मला ठाऊक होतं. पण पगारी मास्तर स्वतःला बैलाच्या नियमात बसवून महिन्याला एक रजा काढतो, हे माझ्या बी.एस्सी.मध्ये कुठंच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. ठेंगणे, सावळे, डोक्याला टोपी, खिशात खडूचे इतके तुकडे की चालताना आवाज यायचा.

"सर, तुमचं औत कुठंय?" मी म्हणालो. माझ्या मते हा बिनतोड सवाल होता.

त्यांनी टेबलावरचं हजेरीचं मस्टर माझ्यापुढं सरकवलं. "हे काय हाय मंग? रोज सकाळी येऊन याच्यात मान घालतो न आपण. आज घातली का तुमी? सही राह्यली तुमची."

मी सही केली.

मारोतराव सरांचा आवडता शब्द 'बराबर'. पोरानं काहीही उत्तर दिलं तरी ते आधी म्हणायचे, "बराबर हाय," आणि मग शांतपणे, "पण उत्तर चुकलं." पोरं या दोन वाक्यांच्या मधल्या क्षणात भलतीच खूश असायची. मार त्यांनी कधी कोणाला दिला नाही, त्यांचं म्हणणं असं की चुकलेल्या उत्तराला मार दिला तर बराबर उत्तराला पेढा द्यावा लागेल, आणि तेवढे पेढे डोंगरकड्यात मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट, घंटा. घंटा झाली की त्यांचा हात फळ्यावर असेल तिथं थांबायचा. 'क्ष बरोबर' एवढं लिहून झालं असेल तर तेवढंच. खडू खिशात, डस्टर टेबलावर, माणूस बाहेर. तो 'क्ष' फळ्यावर रात्रभर उत्तराची वाट पाहत राहायचा. सकाळी सर यायचे आणि बरोबरच्या चिन्हापुढं 'सात' लिहून तास सुरू करायचे. पेपर घरी न्यायचे नाहीत, शाळेतच तपासायचे, आणि आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांचे पेपर तपासून व्हायचे. हे मला त्या काळी फार खटकायचं. मी पेपरांचा गठ्ठा सायकलला बांधून गावातून मुद्दाम हळू जायचो, लोकांना दिसावा म्हणून.

तेव्हा आमच्या गावाची जाहीर चर्चा शाळेसमोरच्या हॉटेलात चालायची. एक बाकडं, एक पेपर आणि त्या पेपरावर बोलणारी आठ-दहा माणसं. त्या वर्षी त्या बाकड्यावर अंधश्रद्धेचा विषय जोरात होता. मी वारा ओळखला. हिंगोलीच्या एका साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांत 'विज्ञानयुगातील अमावास्या' असं एक पत्र छापून आणलं. नाव घेतलं नव्हतं, पण 'आकडेमोड शिकवणारे एक गुरुजी' म्हटल्यावर राहिलं काय? असे गुरुजी तीस वर्षांच्या नोकरीत मिळून एक अख्खं वर्ष अमावास्येला अर्पण करतात, असा हिशेब मी मांडला होता. बाकड्यावर माझा चहा दोन दिवस फुकट झाला.

मारोतराव सरांनी ते पत्र स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचलं. अगदी ठसक्यात, माझ्यापेक्षा चांगलं. मग खिशातून लाल पेन काढलं.

"बराबर हाय," ते म्हणाले.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पण वर्षाला चार-पाच अमावस्या रविवारी नाही तर सुट्टीत येतात. दिवाळीची असते, पोळ्याची असते. ते वजा केलं न्हाई तुमी, दिगांबरराव." त्यांनी समासात आकडे लिहिले, खाली दहापैकी सात मार्क दिले आणि कात्रण मला परत दिलं. "अक्षर छापील हाय म्हणून एक मार्क जादा."

मी पुढं आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. ते माझ्याशी बोलत होते.

त्यानंतरची काही वर्षं मी कामानं पेटलेलो होतो. शाळेचं स्नेहसंमेलन, स्कॉलरशिपचे जादा तास, जनगणना, मतदारयाद्या, पोलिओचे डोस, जे कोणी करायला तयार नव्हतं ते मी हात वर करून मागून घ्यायचो. आजारी पडलो तरी शाळेत जाऊन पडायचो. 'दिगांबर सर म्हणजे मशीन आहे,' असं हॉटेलात कोणी म्हणालं की मला दोन दिवस भूक लागायची नाही, एवढं पोट भरायचं. बायको म्हणायची, मशीनला निदान तेल तरी घालतात.

ते तेल मारोतराव सर घेऊन आले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याला तूप आणि हळद चोळायची आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या संध्याकाळी मी अंगणात मतदारयाद्या पसरून बसलो होतो. मारोतराव सर आले. हातात वाटी.

"शर्ट काढा," ते म्हणाले.

"काहून?"

"काढा तं खरं."

मी पाहुण्यासमोर नको म्हणून बायकोकडं पाहिलं. तिनं माझ्या शर्टाचं बटण स्वतः काढलं. सरांनी माझ्या खांद्यावर, मानेच्या मागं, तुपात कालवलेली हळद चोळायला सुरुवात केली. अगदी मन लावून, गोल गोल. चोळता चोळता म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." चेहरा इतका गंभीर की मला रागावताही येईना. बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून हसत राहिली.

"खांदा सुजला हाय तुमचा," जाताना ते म्हणाले. "बैल जर असा असता तं मालकाला लोकांनी नावं ठेवली असती. तुमचा मालक कोण हाय, दिगांबरराव?"

दुसऱ्या दिवशी आम्ही नवराबायको खरंच त्यांच्या आखाड्यावर पुरणपोळी जेवायला गेलो. आखाडा म्हणजे शेतातलं घर. दोन खोल्या, एका बाजूला मेंढरांचा वाडा. मेंढरं त्यांच्या थोरल्या भावाची, सखारामदादाची. दादा उंच, वाळलेला माणूस, फार बोलत नव्हता. जेवण झाल्याबरोबर हात धुऊन काठी घेऊन गेला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मी जेवतानाही मतदारयाद्यांविषयी बोलत होतो.

बैल पुढं विकले गेले. ट्रॅक्टर भाड्यानं मिळायला लागला. मला वाटलं आता सरांची अमावास्या संपली. नाही संपली.

"आता कोणत्या बैलासाठी, सर?"

"बराबर हाय," ते म्हणाले, आणि रजेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आले. कारणाच्या जागी नेहमीप्रमाणं एक शब्द: घरगुती.

मी विज्ञानाचा माणूस, पुराव्यावर चालणारा. पुरावा असा होता की अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सरांच्या पायजम्याला खाली कुसळं चिकटलेली असत. गोखरू, गवताची कुसळं, कधी बाभळीचा काटा. यावरून मी निष्कर्ष काढला की माणूस दिवसभर गवतात लोळत असणार. तो निष्कर्ष मी मनात जपून ठेवला. पुढं त्याचं मी काय केलं ते सांगतो.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी शाळेला संगणक मिळाला. तो मुलांसाठी होता, म्हणून कुलपात होता आणि किल्ली माझ्याकडे होती. आमचा जुना विद्यार्थी बालाजी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये लागला होता. त्यानं इंटरनेटवर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप काढला. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादेत, एक तर थेट परदेशात. मी तिथं 'स्पष्टवक्ता' या नावानं शिरलो. खरं नाव लिहिलं असतं तर पोरं 'नमस्कार सर' म्हणून गप्प बसली असती, आणि मला गप्प पोरं वर्गात पुरेशी होती.

सगळी पोरं थकलेली होती. बालाजीनं लिहिलं की तो ऑफिसात शिरतो आणि बाहेर येतो, पण ऊन असं त्याला फक्त रविवारी दिसतं. त्याच्याखाली सगळे आपापलं रडगाणं लिहू लागले. काम म्हणजेच आयुष्य का, असा विषय पेटला. मला हॉटेलातलं बाकडं आठवलं. वारा कुठून येतोय हे मला लगेच कळलं, हा एक गुण माझ्यात जन्मजात आहे.

मी मारोतराव सरांवर लिहिलं. फळ्यावरचा अर्धा 'क्ष', अमावास्या, बैलाचा नियम, हे सगळं खरं. पण खरं लिहून झाल्यावर ते थोडं बुटकं वाटायला लागलं. म्हणून मी कुसळांवरून काढलेला निष्कर्ष जोडला. लिहिलं की अमावास्येला सर सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतातल्या कडुलिंबाखाली पाठीवर पडून आभाळाकडं पाहत असतात. मी एकदा तिथं गेलो आणि विचारलं, काय करता? तर म्हणाले, "दिवसभर आभाळ तपासलं, एक बी चूक न्हाई सापडली."

त्या पोळ्याच्या जेवणानंतर मी कधीही तिथं गेलो नव्हतो. ते वाक्य मी चहा पिताना रचलं होतं.

त्या वाक्यानं धुमाकूळ घातला. पोरांनी ते आपल्या नावाखाली लावलं. कोणी लिंबाच्या झाडाचं चित्र काढून त्यावर छापलं. 'अमावस्या क्लब' निघाला. महिन्यातून एक दिवस ऑफिसचा फोन बंद ठेवायची शपथ लोकांनी घेतली, त्यातल्या काहींनी ती ऑफिसातूनच घेतली. एका मुलीनं लिहिलं, 'आपल्याला सरांनी गणित शिकवलं, जगणं शिकवत होते ते कळलंच नाही.' मला स्क्रीनसमोर भरून आलं. आभाळाचं वाक्य माझंच होतं तरी.

सरांना मी एवढंच सांगितलं, की पोरं तुमची फार आठवण काढून राहिली.

"मजेत हायेत न?" त्यांनी विचारलं.

"मजेत आहेत."

"मंग झालं." घंटा झाली आणि ते गेले.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मंदी आली. पोरांच्या नोकऱ्या जायला लागल्या. बालाजीला तीन महिने कामाशिवाय बसवून ठेवलं आणि मग घरी पाठवलं. हळूहळू ग्रुपवरची भाषा बदलली. आधी कोणीतरी लिहिलं, 'इथं कामासाठी जीव टांगणीला लागलाय आणि सरकारी पगारावर आभाळ तपासतात.' त्याला पाठिंबा मिळाला. मग लिंबाचं चित्र खाली ओढलं गेलं. जी पोरं उन्हासाठी रडत होती, ती आता लिहीत होती की मराठवाडा असाच मागं राहिला, लिंबाखाली पडून. 'सरांनी अमावास्येलाही शिकवलं असतं तर आज आपण कुठं असतो.' हे बालाजीचं वाक्य. मी त्याला दोष देत नाही, तो घाबरला होता.

दोष द्यायचा तर अशा माणसाला द्या ज्याला काहीही भीती नव्हती, ज्याची नोकरी पक्की होती आणि जो संगणकाची किल्ली कमरेला लावून फिरत होता. 'स्पष्टवक्त्या'नं लिहिलं, 'मी तर हे कधीपासूनच म्हणत होतो,' आणि पंधरा वर्षांपूर्वीचं साप्ताहिकातलं पत्र जसंच्या तसं टाकलं. या वेळी मात्र रविवारच्या अमावास्या वजा केल्या, कारण सरांची दुरुस्ती बरोबर होती.

तिसऱ्यांदा टाळ्या.

त्या उन्हाळ्यात आमचे मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. सेवाज्येष्ठतेनं त्या खुर्चीवर मारोतराव सरांचा हक्क होता. त्यांचे जेमतेम सहा महिने उरले होते, पण मुख्याध्यापकांच्या खोलीत लाकडी फळ्यावर आजवरच्या सगळ्यांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली होती, आणि सहा महिन्यांचं नावही तेवढ्याच रंगात लिहितात. मार्च महिन्यात संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. टेबलावर कागदांची चळत होती. ग्रुपवरचं सगळं कोणीतरी छापून त्यांना आणून दिलं होतं. लिंबाचं चित्रसुद्धा.

"वाचा," सचिव म्हणाले. "दिवसभर लिंबाखाली पडून राहते म्हणते आपला माणूस. बाहेरगावी बदनामी होऊन राहिली संस्थेची. मी मारोतरावला सांगितलं, अमावस्येची रजा घेणार न्हाई एवढं लिहून द्या, खुर्ची तुमचीच. तं म्हणते, घरी विचारून सांगतो." मग त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं. "हा स्पष्टवक्ता कोण हाय? हुशार दिसते."

मी म्हणालो, "असेल कोणीतरी."

"मारोतरावनं न्हाई लिहून देलं तं खुर्ची तुमच्याकडं येते," सचिव म्हणाले. "ज्येष्ठतेत पुढचे तुमीच."

मी हे आधी मोजलं नव्हतं, असं मी शपथेवर सांगतो. पण ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला वाईट वाटलं नाही, हेही शपथेवर सांगायला पाहिजे.

पुढची अमावास्या आली तेव्हा मी त्या नोकरीतली माझी पहिली रजा काढली आणि मोटारसायकलवर आखाड्यावर गेलो. सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. रस्ताभर भाषण तयार केलं. दारात खाट होती आणि खाटेवर डोक्यावरून धोतर घेऊन कोणी झोपलं होतं. मी खाकरलो. धोतर हटलं. सखारामदादा.

घरातून गयाबाई, सरांच्या पत्नी, बाहेर आल्या. "झोपू द्या त्यायला, भाऊजी. सर गेले मेंढरामागं. तिकडं, बाभळीकडं."

मी गेलो. हरभऱ्याच्या रिकाम्या वावरात मेंढरं पसरली होती आणि त्यांच्या मागं टोपी, पायजमा, हातात लांब आकडी. मारोतराव सर बाभळीच्या शेंगा हलवून पाडत होते. मेंढरं त्यांच्या पायांत घुसत होती. पायजम्याला खाली कुसळंच कुसळं.

"तुमी?" ते म्हणाले. "आज कोणाचा तास बुडवला?"

माझं भाषण गेलं. मी विचारलं, "हे दर अमावास्येला?"

"व्हय."

आणि मग शेंगा पाडता पाडता, मला मध्ये मेंढरं हाकलायला लावत, त्यांनी सांगितलं. बापाकडं एक बैलजोडी होती आणि मेंढरं होती. दोन पोरं. थोरला मेंढरामागं, धाकटा औतामागं. "पेरणी झाली की बैल रिकामे, मंग मी रिकामा. मंग मला साळंत घातलं. दादाला कवा घालावं? मेंढराला न अमावस्या, न पुनव. त्याला रोज खायला लागते. बैलाला सुट्टी हाय म्हणून मी शिकलो, दिगांबरराव. दुसरं काय बी न्हाई. मी काय हुशार बिशार नव्हतो."

"आणि ही रजा?"

"लहानपणापासून ठरलेलं हाय. अमावस्येला बैल उभे, म्हणून मेंढरं माझ्याकडं, आन दादानं झोपायचं. फक्त पोळ्याला तुमी जेवायला आलता, तवा त्याला जावं लागलं. बैल इकले म्हणून काय झालं? मेंढरं तं हायेत. दादा बी हाय."

आजूबाजूच्या साऱ्या आखाड्यांना हे माहीत होतं. शाळेतल्या, बाकड्यावरच्या आम्हा लोकांनाच माहीत नव्हतं, कारण आम्ही विचारत नव्हतो, आम्ही मतं देत होतो.

मी सगळं ओकलो. स्पष्टवक्ता मी, लिंब मी, आभाळ मी, जुनं पत्र मी. ते ऐकत होते. आकडी खाली टेकवली.

"लिंब?" ते म्हणाले. "कोणता लिंब?"

"शेतातला."

"आमच्या वावरात लिंब कुठं हाय? बाभळीच हायेत साऱ्या. काट्यात कोण पाठीवर झोपते?" त्यांनी खरोखर साऱ्या वावरावर एकदा नजर फिरवली. "पण ते आभाळ तपासायचं चांगलं बोललो मी. बराबर हाय."

तेवढ्यात मागून सखारामदादा आला. झोप मोडलेली, धोतर खोचलेलं. त्यानं सरळ सरांच्या हातातली आकडी धरली.

"आण इकडं. जाय साळंत. लिहून दे त्यायला."

"दादा, घरी जाऊन झोप."

"म्या न्हाई झोपत. दोन महिने झाले सांगून राहिलो याला, सर." हे मला. "फळ्यावर नाव लागते म्हणे. आमच्या घरातलं एक नाव लागू दे तिथं. सहा अमावस्या न्हाई झोपलो तं मरतो का मी?"

"तुला वाचता येत न्हाई, दादा. नाव लागून काय करशील?"

"कोनी तं वाचून दावील. हे सर दावतील."

मी मान हलवली. मनातल्या मनात त्या फळ्यावर लावून पाहिलेल्या माझ्या नावाचा रंग अजून ओला होता.

"तुझा पाय सुजते," सर म्हणाले. "रातच्याला वैनी शेकते, मला काय दिसत न्हाई? महिन्याला एकच दिवस हाय तुझा. तो मी कागदावर लिहून देऊ? आपल्या बापानं कधी देला असता का?"

"बाप मास्तर नव्हता."

"म्हणून तं इचारलं तुला. तू हो म्हणशील हे बी माहीत व्हतं." त्यांनी आकडी सोडवून घेतली. "आता उत्तर मी देतो. जाय, झोप."

सखारामदादा उभाच राहिला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "तुमी तरी सांगा याला." मी मेंढरं हाकलायला वळलो. दादा घरी गेला, पण झोपला नाही. मी परत निघालो तेव्हा तो खाटेवर बसून होता आणि त्यानं माझ्या रामरामला उत्तर दिलं नाही.

मी सरळ सचिवांकडं गेलो आणि सांगितलं की स्पष्टवक्ता मीच आहे, लिंब खोटा आहे, आभाळ खोटं आहे, सर त्या दिवशी आपल्यापेक्षा जास्त काम करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला वाटलंच व्हतं," ते म्हणाले. "एवढं शुद्ध आपल्याकडं लिहिते कोण?" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मेंढरांचा भाग त्यांनी ऐकला नाही. मुख्याध्यापक मेंढरामागं फिरतो हे तर त्यांना लिंबापेक्षा वाईट वाटलं.

मारोतराव सरांनी दोन ओळींचं नकारपत्र दिलं. जूनमध्ये फळ्यावर माझं नाव लागलं. पेंटर चांगला होता, अक्षर फार सुरेख आलं आहे, आजही आहे.

पहिल्याच अमावास्येच्या आदल्या दिवशी सर माझ्या खोलीत आले. अर्ज टेबलावर ठेवला. मी त्यांना बसा म्हणालो, ते उभेच राहिले, कारण अर्ज देताना उभं राहतात.

"सर, कारण लिहायची काही गरज नाही," मी म्हणालो.

"रकाना हाय तं भरावं लागते, साहेब." त्यांनी मला साहेब म्हटलं. टोमणा नव्हता त्यात. खुर्चीला म्हणत होते ते. मी 'घरगुती' या शब्दाखाली सही केली. जास्तीत जास्त चांगली सही करायचा प्रयत्न केला, ती वेडीवाकडी आली.

त्या आठवड्यात मी ग्रुपवर चौथ्यांदा लिहिलं. खऱ्या नावानं, मेंढरांसकट, माझ्या थापांसकट. दोघांनी उत्तर दिलं. एकानं विचारलं, मेंढरांचा आता भाव काय आहे. दुसऱ्यानं 'छान, सर' लिहिलं. बालाजीला तोवर नवी नोकरी लागली होती आणि बाकीची पोरं दुसऱ्या कुठल्यातरी नव्या साइटवर निघून गेली होती. तिथं काय चर्चा चालली आहे हे मला माहीत नव्हतं. मी संगणकाची किल्ली कारकुनाला देऊन टाकली.

सर नोव्हेंबरअखेर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी घंटा झाली तेव्हा त्यांचं भाषण चालू होतं. ते 'आणि' म्हणून थांबले आणि खाली बसले.

पुढच्या महिन्यात त्यांच्या पेन्शनच्या कागदावर एक सही हवी होती. मी म्हटलं, आपणच जाऊ. आखाड्याच्या वाटेवर लांबून मेंढरं दिसली, मागं काठी घेतलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून सर रोज मेंढरं नेतात, आता दादाला रोजची सुट्टी, हे मी गावात ऐकलं होतं. मी हॉर्न वाजवला. माणूस वळला. सखारामदादा होता.

"दादा, तुम्ही? सर कुठंयत?"

त्यानं काठी खांद्यावर घेतली. चेहऱ्यावर फार मोठा हुद्दा मिळाल्याचा भाव.

"घरी हाय. आज अमावस्या न्हाई का? आज मेंढरं माझ्याकडं." मग एक पाऊल पुढं येऊन, हळू आवाजात, "निजला हाय. गाडी तिकडं नेऊ नका, आवाज व्हते."

मी गाडी तिथंच बाभळीखाली लावली आणि चालत गेलो. दारात खाट होती. मारोतराव सर पालथे झोपले होते, टोपी उशाला, एक हात खाली लोंबत, बोटं जमिनीला टेकलेली. दिवसाचे साडेअकरा वाजले होते. बोटांना खडू नव्हता. त्या माणसाला झोपलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो आणि मी त्याविषयी दोन वर्षांपूर्वी किती सुंदर लिहून बसलो होतो.

गयाबाई दारात आल्या. कागद माझ्या हातात पाहून त्यांनी हात पुढं केला नाही.

"तातडीचं हाय का, भाऊजी?"

तातडीचं होतं. त्याच दिवशी हिंगोलीला पोचवायचं होतं.

"नाही," मी म्हणालो, कागद खिशात घातला, आणि चपला हातात घेऊन अंगणाबाहेर आलो.